तळ्यातली मगर आणि तोंडघशी पडलेला मी

पाणकावळा | रविवार, सकाळी ८:०५

नमस्कार मंडळी,

गेला आठवडाभर तोंड लपवून फिरतोय. इथे नाव-गाव कुणाला माहीत नाही, म्हणून मन मोकळं करतो.

सकाळी पावणेसहाला तळ्याभोवती फेरी मारायची माझी सवय. मागच्या रविवारी अजून नीट उजाडलंही नव्हतं. जलपर्णीच्या कडेला पाण्यावर एक काळी पाठ दिसली. सहा-सात फूट लांब, जराशी बाकदार, पाठीवर उंचवट्यांच्या दोन समांतर ओळी. मी जागच्या जागी खिळलो. पाच मिनिटं टक लावून पाहत होतो. पाठ हळूच वर यायची आणि परत खाली जायची. (वाऱ्यामुळे हो. पण हे आता कळतंय.) काठावर दोन पोरं पाण्यात खडे मारत होती, त्यांना ओरडून मागे घेतलं, वनखात्याला फोन केला आणि वसाहतीच्या ग्रुपवर लिहिलं, "तळ्यात मगर आहे असं वाटतंय, लांब राहा."

अर्ध्या तासात शंभर माणसं. एकाला शेपटी दिसली. एकाला जबडा. एका गृहस्थांनी तर तिला बगळा गिळताना पाहिलं, आणि तेही "आत्ता, तुमच्या समोर!"

मग खात्याची माणसं आली. दुर्बीण झाली, तराफा झाला, शेवटी दोरीला आकडा बांधून फेकला आणि ओढलं. बाहेर आलं ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचं अर्धं टायर. त्याचे ते जाड रबरी दात म्हणजे माझे पाठीवरचे उंचवटे. आतून शेवाळ आणि एक चिडलेला खेकडा. खात्याचा माणूस एक शब्द बोलला नाही. शांतपणे दोरी गुंडाळली, वहीत माझं नाव लिहून घेतलं आणि गेला. ते न बोलणंच जास्त लागलं.

तेव्हापासून मी 'मगरकाका'. बायको म्हणते, पुढच्या वेळी खरी मगर पायाशी येऊन बसली तरी गप्प राहायचं.

प्रश्न असा: शंभर टक्के खात्री नसताना बोंब मारावी का? की आधी जवळ जाऊन बघावं? तुमचं कुणाचं असं कधी झालंय का?

भिंगरी | ८:२१

मगरकाका!! सकाळी सकाळी इतकी हसलेय की शेजारून विचारणा झाली.

बाकी ते बगळा गिळताना पाहणारे गृहस्थ कुठे आहेत सध्या?

पाणकावळा | ८:२४

टायर बाहेर आल्यावर सर्वात मोठ्याने तेच हसत होते.

तिरकस | ८:५०

काका, राग मानू नका, पण साप साप म्हणून भुई धोपटायची सवय समाजाला महाग पडते. २०१२ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या एसेक्समध्ये सेंट ओसिथ गावाजवळ सुट्टीला आलेल्या लोकांना शेतात सिंह दिसला. दोन हेलिकॉप्टरं, उष्णता टिपणारे कॅमेरे, शस्त्रधारी पोलीस, वर प्राणिसंग्रहालयातले भुलीची बंदूक चालवणारे लोक. जवळपास चोवीस तास शोध चालला आणि २५ हजार पौंडांच्या आसपास खर्च झाला. सिंह मिळाला नाही. तिथल्या एका बाईंनी सांगितलं, अहो, तो आमचा बोका असणार. मेन कून जातीचा, अंगाने दणकट, रंगाने भगवा, आणि नाव काय तर टेडी बेअर.

तेव्हा आधी खात्री, मग फोन. हेमावैम (हे माझे वैयक्तिक मत).

सातवा_मजला | ९:०२

सिंहाचा निदान बोका तरी निघाला. पोलंडच्या क्राकोवमध्ये २०२१ च्या एप्रिलमध्ये एका बाईंनी प्राणी-मदत संस्थेला फोन केला की समोरच्या झाडावर दोन दिवस काहीतरी भयंकर बसलंय, आत येईल या भीतीने कुणी खिडक्या उघडत नाहीयेत. हे काय असेल याचा त्यांनी बराच विचार केला होता, शब्द मात्र आठवेना. शेवटी म्हणाल्या, "लागून!" पोलिशमध्ये इग्वाना सरड्याला 'लेगवान' म्हणतात, तो शब्द घसरून 'लगून'पर्यंत, म्हणजे खाजणापर्यंत गेला.

संस्थेची माणसं गेली, झाडाखाली उभं राहून वर पाहिलं. तपकिरी, चकचकीत, डोकं नाही, पाय नाहीत. क्रोआसाँ होतं, चंद्रकोरीसारखा पाव. बहुधा कुणीतरी पाखरांसाठी खिडकीतून फेकलेलं.

भिंगरी | ९:०६

"डोकं नाही, पाय नाहीत" वाचून फुटले. दोन दिवस क्रोआसाँला घाबरून बसलेली माणसं! मगरकाका, तुमचं टायर तरी मापात बसत होतं.

रानडुक्कर | ९:३०

माझ्या जातभाईवर झालेल्या अन्यायाची नोंद इथे झालीच पाहिजे.

जुलै २०२३. बर्लिनच्या दक्षिण हद्दीला लागून क्लाइनमाखनो नावाचं गाव आहे. रात्री बाराच्या सुमाराला दोघांनी व्हिडिओ काढला: झाडीच्या कडेला एक फिकट, दणकट प्राणी. म्हणे सिंहीण, आणि तिने रानडुकराची शिकार केलीय. पोलिसांनाही व्हिडिओ खरा वाटला. मग हेलिकॉप्टर, ड्रोन, शिकारी, पशुवैद्य, आणि लोकांना घराबाहेर पडू नका अशी सूचना. आसपासचं एकही प्राणिसंग्रहालय किंवा सर्कस म्हणेना की आमची सिंहीण पळालीय. काही टवाळ पोरांनी स्पीकरवर गर्जना लावून आणखी घोळ घातला. दीड दिवसाने महापौर पत्रकारांसमोर चित्रं घेऊन उभे राहिले. ही सिंहिणीच्या पाठीची रेघ, ही व्हिडिओतल्या प्राण्याची. जुळत नाही. पाठ गोल, पाय आखूड. निष्कर्ष: रानडुक्कर.

म्हणजे शिकारही आम्हीच आणि शिकारीही आम्हीच.

कुंपण | १०:१२

रानडुक्करराव, सलाम!

यात खेळण्यातल्या वाघांचा एक स्वतंत्र अध्याय आहे. २०११ च्या मे महिन्यात इंग्लंडच्या हॅम्पशरमध्ये हेज एंड इथे शेतात पांढरा वाघ दिसला. जवळ क्रिकेटचा सामना चालू होता, तो थांबवला. गोल्फचं मैदान रिकामं केलं. हेलिकॉप्टर वर गेलं तर उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात वाघ थंडगार. आणखी खाली आलं तसा पंख्याच्या वाऱ्याने वाघ कुशीवर लवंडला. मापाने अगदी खऱ्या वाघाएवढा, पण कापसाचा.

स्कॉटलंडमध्ये २०१८ साली एका गोठ्यात असाच वाघ बसलेला दिसला आणि शस्त्रधारी पोलीस पाऊण तास त्याच्या हालचालीची वाट पाहत थांबले. खेळणंच ते. पाऊण तास त्याने संयम सोडला नाही, यांनीही नाही.

निशाचर | ११:४०

जरा गंभीर लिहितो. मी रात्रपाळी करतो, त्यामुळे असल्या भासांचा मला भरपूर अनुभव आहे.

एकदा पहाटे तीनला गेटजवळच्या भिंतीवर बिबट्या पाहिला. 'वाटला' नाही म्हणत मी, 'पाहिला'. काळा, लांब शेपटी लोंबतेय, खांदे वरखाली करत सावकाश चालतोय. बॅटरी मारली तर डोळे हिरवे पेटले. चौकीचं दार लावून आत बसलो. दहा मिनिटांनी तो 'बिबट्या' भिंतीवरून उतरला आणि खालच्या पाण्याच्या बादलीत डोकं घालून पाणी प्यायला. बादलीशेजारी आला तेव्हा त्याची खरी उंची कळली. बादलीपेक्षा बुटका. मांजर.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा मेख सापडली. अंधारात भिंत किती लांब आहे याचा अंदाजच नव्हता. मी ती दुप्पट लांब धरली, मग मांजरही दुप्पट मोठं झालं. बिबट्या खांद्याशी दोन फुटांच्या आसपास असतो, घरचं मांजर जेमतेम दहा इंच. फरक एवढा मोठा, पण शेजारी ओळखीची वस्तू नसेल तर डोळ्याला काही फरक पडत नाही. आणि डोळे चमकणं हा पुरावाच नव्हे. मांजर, कुत्रा, गाय, हरीण, सगळ्यांच्या डोळ्यात मागे परावर्तक पडदा असतो. उजेड टाकलात की चमकणारच.

इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये बॉडमिन मूर नावाच्या माळरानावर काळा बिबट्या फिरतो अशी वर्षानुवर्षं बोलवा होती. १९९५ मध्ये तिथल्या कृषी मंत्रालयाने चौकशी केली. त्या लोकांनी साधी गोष्ट केली: ज्या ज्या जागी फोटो काढले होते तिथे जाऊन मापाची काठी उभी केली आणि परत फोटो घेतला. बरेचसे 'बिबटे' मांजराच्या मापाचे निघाले. अहवाल असा आला की बिबट्या असल्याचा खात्रीलायक पुरावा नाही, पण नाहीच असंही सिद्ध करता येत नाही.

चिमटा | ११:५८

निशाचर, गोष्टीचं शेपूट राहिलं! अहवाल येऊन आठवडा होतो न होतो तोच तिथल्या नदीत एका मुलाला बिबट्याची कवटी सापडली. कवटी खरोखर बिबट्याची. सगळे म्हणाले, घ्या आता! लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने तपासली तर आत उष्ण प्रदेशातल्या झुरळाच्या अंड्यांचं कवच चिकटलेलं. तसलं झुरळ त्या थंडीत तिथे अंडी घालणं शक्य नाही. शिवाय मागच्या बाजूला सुरीच्या खुणा. म्हणजे बिबट्या परदेशात मेला आणि त्याच्या कातड्याचा डोक्यासकट गालिचा होऊन इंग्लंडात आला.

गालिचा नदीत कुणी टाकला हा वेगळा धागा होऊ शकतो.

टिवटिव | १२:१५

अवांतर: आमच्याकडे मागच्या महिन्यात बाथरूममध्ये साप. आरडाओरडा, काठ्या, शेजारी खुर्चीवर. निघाली शॉवरची नळी. रज्जुसर्प म्हणतात तो हाच का?

शास्त्रीबुवा_नव्हे | १२:३३

तोच. फक्त आपल्या पूर्वजांनी दोरीवर भागवलं, तुम्ही स्टेनलेस स्टीलपर्यंत आलात.

त्या दृष्टांतातली खरी गंमत अशी की साप खोटा असला तरी घाम खरा असतो. दिवा लागल्यावर साप जातो, घाम वाळायला वेळ लागतो.

कोरांटी | १२:४८

सापांचा विषय निघालाच आहे तर सांगते, आमच्याकडे उलटं झालंय. सहा महिन्यांपूर्वी ह्यांनी चपलांच्या मांडणीत साप पाहून घर डोक्यावर घेतलं होतं. निघाला मुलाचा पट्टा. त्यानंतर घरात रोज चेष्टा. जेवताना, पाहुण्यांसमोर, फोनवर, कुठेही "बाबा, साप!"

महिन्याभराने ह्यांना त्याच मांडणीत परत काहीतरी दिसलं. गप्प बसले. दोन दिवस स्वतः दुसरे बूट घालून गेले, पण अवाक्षर बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी खालच्या फळीवरची सँडल काढायला हात घातला आणि तो 'पट्टा' सरकला. धामण होती, बिनविषारी, सर्पमित्राने दोन मिनिटांत नेली. पण ती धामण आहे हे मला हात घालताना माहीत नव्हतं ना! ह्यांना विचारलं तर म्हणाले, "पुन्हा हसला असतात."

त्या दिवसापासून आमच्या घरी चेष्टा बंद.

सांडशी | दुपारी १:२०

कोरांटीताई, मला हेच म्हणायचं होतं. सकाळपासून सगळे खी खी करताय, त्यात तिरकसभाऊ खर्चाचा हिशोब मांडून बसलेत. आता दुसरी बाजू ऐका.

अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये २०१९ च्या फेब्रुवारीत एकाने फोन केला: रिकाम्या घरात वाघ आहे. हा माणूस त्या घरात गांजा ओढायला शिरला होता. आता सांगा, तुम्ही फोनवर असता तर काय म्हणाला असता? पोलिसांनाही आधी वाटलं की माणूस तारेत आहे. गेले तर गॅरेजमध्ये छोट्याशा पिंजऱ्यात जिताजागता वाघ.

ओहायोमध्ये झेन्सव्हिलजवळ २०११ च्या ऑक्टोबरात लोकांचे फोन येऊ लागले की रस्त्याकडेला सिंह आणि अस्वल फिरतंय. ऐकायला तद्दन खोटं. पण एका खासगी मालकाने मरण्यापूर्वी पिंजरे उघडले होते. पन्नासच्या वर प्राणी, त्यात १८ वाघ. बहुतेकांना गोळ्या घालाव्या लागल्या. तिथे 'आधी जवळ जाऊन खात्री करा' हा सल्ला कुणी पाळला असता म्हणजे?

तिरकस | १:४१

सांडशीताई, चिमटा बरोबर बसला. :) 'जवळ जाऊन' असं मी म्हटलं नव्हतं, पण म्हटल्यासारखंच होतं, मान्य.

तरी एक शंका आहेच. ओहायोसारखी घटना किती विरळा आणि टेडी बेअर किती! प्रत्येक बोक्यामागे हेलिकॉप्टर उडवायचं का?

निशाचर | १:५५

हेलिकॉप्टर उडवायचं की नाही हे फोन करणाऱ्याने कशाला ठरवायचं? त्याने दिसलं ते सांगावं. २०१३ च्या जानेवारीत अमेरिकेत व्हर्जिनियातल्या नॉरफोकमध्ये लोकांनी सिंहाचा छावा रस्त्यावर फिरतोय म्हणून फोन केले. पोलिसांनी पहिलं काम काय केलं, तर प्राणिसंग्रहालयाला विचारलं, "तुमचे सिंह मोजा बरं." भरले. मग शोधलं, तर लॅब्राडूडल कुत्रा, मालकाने मुद्दाम आयाळ ठेवून भादरलेला. काम एका फोनात भागलं.

घुबड२२ | २:३०

व्यावहारिक मुद्दे, मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन माफ करा.

पाण्यात संशयास्पद काही दिसलं तर हलतंय का यापेक्षा कुठे जातंय ते बघा. टायर, ओंडका वारा नेईल तिकडे जातो. वाऱ्याच्या उलट सरकलं तर ते जिवंत आहे. नुसतं निश्चल असणं मात्र काहीच सांगत नाही, मगर तासन् तास ओंडक्यासारखी पडून राहू शकते.

चिखलात ठसा असेल तर नखं बघा. कुत्र्याची उमटतात. मांजरकुळातले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात म्हणून सहसा उमटत नाहीत, चित्ता वगळता. ठशाशेजारी पेन किंवा किल्ली ठेवून फोटो काढा. निशाचरची बादली ती हीच.

हे सगळं लांबून आणि प्राणी गेल्यावर. आधी नव्हे.

भिंगरी | २:३४

"प्राणी गेल्यावर" हे ठळक करा कुणीतरी. मगरकाका किल्ली घेऊन पाण्यात उतरतील.

चिमटा | ३:१०

मला वाटतं आपण दोन गोष्टींची गल्लत करतोय. चुकणं वेगळं आणि पिकवणं वेगळं.

९ नोव्हेंबर १८७४ ला न्यूयॉर्क हेरल्ड या वर्तमानपत्राने पानभर बातमी छापली: सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयातून श्वापदं सुटली, माणसं मेली, रस्त्यांवर हाहाकार. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की वरचं सगळं काल्पनिक आहे. तिथपर्यंत वाचतो कोण? लोक बंदुका घेऊन बाहेर पडले. हल्ली तर शेवटचा परिच्छेदही नसतो. कुठलातरी जुना व्हिडिओ, खाली "आत्ता आपल्याच भागात", किंवा संगणकाने बनवलेला जिन्यात बसलेला बिबट्या.

काकांनी लिहिलं होतं, "मगर आहे असं वाटतंय". काका नुसते चुकले. मगर मोठी केली ती त्या शेपटीवाल्याने आणि बगळेवाल्याने.

सांडशी | ३:१८

+१. आणि टोपणनाव मात्र काकांना. बगळेवाल्याला का नाही?

रानडुक्कर | ३:२२

बर्लिनमध्येही टोपणनाव आम्हालाच पडलं. असो.

पाणकावळा | रात्री ९:४५

सगळ्यांचे आभार. दुपारी चिमटा यांचा प्रतिसाद वाचला आणि धीर करून त्या वहीवाल्या माणसाला फोन लावला. माफी मागावी म्हटलं. तो म्हणाला, "कसली माफी साहेब? तुमचा फोन आला तेव्हा आम्ही एक माणूस आणि दुर्बीण पाठवणार होतो. मग पाठोपाठ आणखी कुणाचा तरी आला की मगरीने पोराचा पाय धरलाय. म्हणून तराफा, दोरी, सगळी माणसं घेऊन धावत आलो."

पोरं माझ्या शेजारी उभी होती हो. चारही पाय शाबूत.

मी विचारलं, मग वहीत माझं नाव कशाला लिहिलंत? तर म्हणे, "पुन्हा काही दिसलं तर विचारायला. तुम्ही रोज फिरता ना तिकडे?" आठवडाभर मी ते नाव काळ्या यादीत गेलं समजून झोपत नव्हतो.

कोरांटी | ९:५८

काका, बायकोला दाखवा हा प्रतिसाद.

पाणकावळा | १०:०१

दाखवला. "बरं," म्हणाली. आमच्याकडे हे बरंच झालं.

तिरकस | १०:०९

पायाचं खोटं सांगणाऱ्याबद्दल माझे पहिल्या प्रतिसादातले सगळे शब्द तसेच ठेवतो. काकांपुरते मागे घेतो.

पाणकावळा | सोमवार, सकाळी ६:२०

आत्ता तळ्यावरून लिहितोय. टायर अजून काठावरच पडलंय, कुणी नेलेलं नाही. त्याच्यावर एक कासव ऊन खात बसलंय. दोनदा नीट पाहिलं, मान हलली. खूप लांबून फोटो काढलाय, किल्ली ठेवलेली नाही.

भिंगरी | ६:३१

कासव कशावरून? हेल्मेट असेल.

घुबड२२ | ६:३४

वाऱ्याच्या उलट सरकतंय का बघा.